मंगळाचा दगड

"ही पत्रिका उचल आणि चालता हो!" पंढरीनाथ सावंतांनी मेहुण्याच्या अंगावर कागद भिरकावला.

हरिश्चंद्र बिचारा बहिणीकडे, उर्मिलाकडे, बघत राहिला. भाचीला मंगळ आहे, एकदा शांत करून घ्या, एवढंच तो म्हणाला होता.

"शिसारी येते मला तुम्हा लोकांची! अरे, मंगळावरून आलेल्या दगडात जिवाणूंच्या खुणा दिसल्या म्हणतायत. जगभर गाजतंय. आणि तुम्ही त्याच मंगळाला घाबरून पोरीला घरात बसवता? थू!"

शहाण्णवचा ऑगस्ट होता. त्या मंगळापायी पिंकीची तीन स्थळं हुकली होती. पाहुणे पत्रिका मागायचे, उर्मिला नवऱ्याला चोरून द्यायची, आणि मग पाहुणे पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत. पोरीला सव्वीस पूर्ण झाली होती. सोसायटीतल्या बायका तिच्याकडे अशा बघायच्या, जसा काही रोगच झालाय तिला. शी! माणसं म्हणायची का ही?

पंढरीनाथ शाळेत विज्ञान शिकवायचे. रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण लावून व्याख्यान द्यायचे. आदल्या वर्षी देवाला दूध पाजायला रांगा लागल्या, तेव्हा हा माणूस भाईंदरच्या भर बाजारात रांगेतल्यांना शिव्या घालून आला होता.

त्यांच्या मदतीला खारी गावातून रवी जाधव यायचा. मुंबईत एका प्रयोगशाळेत नोकरीला होता, आणि दुर्बिणीचे आरसे घरी स्वतः घासायचा. त्याचं आणि पिंकीचं जमलंय हे कळल्यावर सर भलतेच खूश झाले.

"पत्रिका न विचारणारा एक तरी निघाला!"

"आणि जाधव म्हणजे आपल्यातलेच," उर्मिला म्हणाली. "दापोलीकडचे."

सरांनी रवीला आईवडिलांना घेऊन यायला सांगितलं.

"पप्पा, मला हाच पाहिजे," पिंकीने बजावलं. "हा नाही तर कोणीच नको. मग परत पोह्यांच्या बशा घेऊन मला बाहेर बोलवू नका."

"अगं, बाप कोणाचा आहे मी? बिनधास्त राहा."

रविवारी रवीबरोबर त्याचे वडील सीताराम आणि आई कमळाबाई आले. सीतारामांनी दारातच हात जोडले. "जय भीम, सर."

"या, या, बसा ना," सर म्हणाले.

चहा झाला. मंगळाच्या दगडाचा विषय निघाला. सर तासभर बोलले असते, पण आज लवकर आटोपलं.

"तुमचं नाव आमच्या घरात रोज निघतं," कमळाबाई म्हणाल्या. "रवी म्हणतो, माणूस असावा तर सरांसारखा."

"आलोच हं," म्हणत सर आत गेले. उर्मिला मागोमाग गेली. पाच मिनिटांनी सर एकटेच बाहेर आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"सीतारामराव, कसं सांगू... आमच्या पिंकीला मंगळ आहे. कडक. उद्या तुमच्या रवीच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर?"

"पप्पा!" पिंकी ओरडलीच.

सीतारामांनी कप खाली ठेवला. "आम्ही ते मानत नाही, सर. आमच्यात पत्रिकाच काढत नाहीत."

"तेच तर म्हणतोय मी," सर म्हणाले. "मग जुळवायची कशी?"