रेश्माचा हात

बेलसरेकाकूंच्या मांडीतून यंत्राने नळी फुप्फुसापर्यंत नेली, रक्ताची गुठळी ओढून काढली आणि ते मुकाट्याने बंद झालं. या कामाला आता डॉक्टर लागत नसे. फक्त जखम पंधरा मिनिटं हाताने दाबून धरायला नर्स रेश्मा घरी यायची. वर्षभरात काकूंना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

“ही चौथी गुठळी. चालत का नाही, काकू? एखाद्या दिवशी जिवावर बेतेल.”

“गुडघे दुखतात गं,” काकू म्हणाल्या. गुडघे ठणठणीत होते; काकूच दिवस दिवस मुद्दाम पाय न हलवता बसत.

“पुढच्या खेपेला दाबायलाही यंत्रच असेल,” रेश्मा हात उचलत म्हणाली. “आम्हा नर्सना कामावरून काढलंय.”

दुसऱ्या दिवशी काकूंनी चपलांवरची धूळ झटकली आणि त्या एकट्याच फिरायला निघाल्या.