खाली पडलेलं पातं

पिनार देल रिओच्या कारखान्यात सिगार वळणाऱ्या बायकांना काम करताना कादंबरी वाचून दाखवायला एक वाचक असे. वाचन आवडलं की बायका तंबाखूचं पान कापायचं पातं टेबलावर ठोकत. नाही आवडलं की जमिनीवर टाकत. चाळीस वर्षांनी, तिथंच सिगार वळलेल्या ओफेलिया आणि सोराईदा अंगणात कॉफी पीत बसल्या असताना एवेलियो वाचकाची आठवण निघाली.

"काय आवाज होता मेल्याचा," सोराईदा म्हणाली. "आणि एका दुपारी सगळी पाती खाली पडली. बिचारा पुस्तक मिटून गेला तो गेलाच."

"तूही टाकलंस की."

"अख्खी खोली टाकतेय म्हटल्यावर मी एकटीच कशी ठोकत बसू? मला तर पुढं काय झालं ते ऐकायचं होतं. कोणत्या भवानीनं सुरुवात केली, देव जाणे."

ओफेलियानं कप खाली ठेवला.

"माझ्या हातून निसटलं. उचलायला वाकले, तोवर तुमची पडायला लागली होती." ती म्हणाली, "वाचता वाचता त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं गं."