धक्का स्टार्ट

बहरीनमधल्या मुहर्रक शहराच्या गल्लीत भंगारवाल्याचा ट्रक शिरला, तेव्हा मुनीरा आपल्या निकाहाइतक्या जुन्या मोटारीत चावी फिरवत होती. नुसतं टिक् होई. “गाडी म्हातारी झाली, तूही झालीस. आता घरी बस गो,” नवरा म्हणाला. ट्रक त्यानेच बोलावला होता. ट्रकवाला साखळी घेऊन उतरला. “अम्मा, खलास! ये नहीं चलेगी.” मुनीराने हॉर्न दाबला. तो असा खणखणला की ट्रकवाला दचकला. म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, अडलाय तो स्टार्टर. क्लच दाबून तिने दुसरा गिअर टाकला. “दोघं मागून धक्का मारा. चालू झाली नाही, तर खुशाल न्या.” दोघं हसत ढकलू लागले. गाडीने वेग घेताच तिने क्लच सोडला. इंजिन खोकलं आणि गरजलं. “थांब गो!” नवरा मागून ओरडला. खिडकीतून उत्तर आलं, “थांबलो तर दोघी बंद पडू!”