तिसाला एक कमी

कट्ट! दुपारच्या सामसूम घरात सुरभीचा गुडघा वाजला आणि नुकताच डोळा लागलेली पाच वर्षांची लेक टुणकन उठून बसली.

झालं! सुरभी चटईवर उताणी पडली होती, तळव्याला अडकवलेला टॉवेल दोन्ही हातांनी ओढून पाय सरळ वर धरलेला. मांडीमागचा आखडलेला स्नायू असा ताणून तीस आकडे धरायचा, मध्येच सोडायचा नाही, अशी फिजिओबाईंची ताकीद होती. तो सैल झाल्याशिवाय तिला मांडी घालता येत नव्हती, आणि महिनाभर मांडी न मिळालेली लेक रोज उशीवर फुरंगटून झोपत होती.

“ठमे, आता उठलीच आहेस तर मोज. तीस झाले की मांडी घालून बघते.”

लेक शाळेतल्या सुरात सुसाट निघाली. विसापर्यंत सुरभीने दम धरला, पुढे पाय लटलट कापायला लागला.

“सत्तावीस, अठ्ठावीस, नव्वावीस...”

“नव्वावीस नाही गं, एकोणतीस! म्हणजे तिसाला एक कमी. म्हण पटकन!”

लेक थांबली. गालावर बोट टेकवून विचारात पडली.

“पण आई, तीस अजून आलेच नाहीत. मग त्यातला एक कमी कुणी केला?”