मधलं नाव

“मी साहेब हाव असं समज,” भैयाजी पुन्हा म्हणाले. “नाव सांग तुह्यं. पूरं.”

“रुखमाबाई.”

“पुढं?”

“पराते.”

“अवं, मधातलं कोन सांगन?”

रुखमाबाईंनी पदर सारखा केला आणि नवा कोरा पासपोर्ट नवऱ्यापुढे धरला. वाचा की, लिहिलं आहे त्यात.

भैयाजींनी कपाळावर हात मारून घेतला. लंडनला लेकीचे, शामलाचे, दिवस भरत आले होते आणि जावयाने सासूपुरतंच तिकीट पाठवलं होतं. संध्याकाळच्या गाडीने मुलगा मुंबईपर्यंत सोडणार, पुढे विमानात बाई एकटी. भैयाजींनी सारा जन्म मागावर लुगडी विणण्यात घालवला, गोंदियाच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नाही. पण परक्या मुलखात कसं वागावं याचा उपदेश त्यांनी सीताबर्डीच्या तिकीटवाल्यापासून शेजारच्या देवरावांपर्यंत ज्याला त्याला विचारून गोळा केला होता.

आणि बाईने तो ऐकलाही होता. खाटेची नवार विमानातल्या पट्ट्यासारखी पोटाला आवळून खुर्चीत बसायचा सराव केला. पायात मोजे चढवले, चमच्याने भात खाल्ला. रांग सोडायची नाही, पिशवी कुणाच्या हाती द्यायची नाही, सगळं पाठ. तिथे फळं नेऊ देत नाहीत म्हटल्यावर लेकीसाठी बांधलेली संत्रीसुद्धा मुकाट्याने सोडली. मग काल जावयाचा ट्रंककॉल आला. उतरल्यावर साहेब नाव विचारेल, ते पूर्ण आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं, नुसता कागद दाखवून भागणार नाही. संशय आला तर बसवून ठेवतात, परतही पाठवतात. तिथे गाडं अडलं ते अडलंच.

आजवर कधी अडलं नव्हतं. रेशनचं दुकान असो, मतदान असो, दवाखाना असो, बाईंना नाव विचारलं की भैयाजी पुढे व्हायचे. सगळ्या मोहल्ल्याचेही ते भैयाजीच. खऱ्या नावाने हाक मारणारी एक आई होती, ती जाऊनही जमाना झाला होता.

सुनेने, पुष्पलताने, तोडगा काढला. नुसतं घेववत नसेल तर उखाण्यात घ्यावं, लग्नात घेतलंच होतं ना. भैयाजी भडकले. तो साहेब काय हळदीकुंकवाला बसला आहे? मागे रांग खोळंबलेली आणि ही तिथे चांदीचं ताट मांडणार, त्याच्याभोवती रांगोळी काढणार! शिवाय लग्नातलं कुणी ऐकलं होतं? वाजंत्री एवढी होती की खुद्द नवरदेवाच्या कानावर अक्षर पडलं नव्हतं.

त्यांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी चक्क हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी.

“नाव घेतलं का मानसाचं वय कमी होते,” रुखमाबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. “मी तिकडं, अन् इकडं तुमाले काही झालं तं?”

भैयाजी जास्तच चिडले.

“अन् पोरगी तिकडं एकटी बाळंत होऊन राहिली, तिचं काय? राहू दे. नको जाऊ. कळवतो तिले, तुही माय माह्यं वय राखत बसली म्हनून.”

हे फार लागेल असं बोललो, हे त्यांना बोलता बोलताच कळलं. रुखमाबाई उठल्या. जेवणाची खरकटी भांडी गोळा केली आणि त्या मागच्या मोरीवर गेल्या. मग भांड्यांवर राग निघाला. भैयाजी साहेबाच्या खुर्चीतच बसून राहिले. तिकीट परत केलं तर जावयाला काय तोंड दाखवायचं, याचा विचार करू लागले.

जरा वेळाने आदळआपट थांबली. नुसतीच राख घासल्याचा आवाज येत राहिला, आणि त्यात काहीतरी पुटपुटणं. भैयाजींना वाटलं, आपल्यालाच शिव्या देते आहे. त्यांनी कान दिला.

“रुखमाबाई,” मागून आवाज आला. मग पुन्हा घासणं. “रुखमाबाई... चंद्रभान... पराते.”

पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. मग अडखळून. मग सरळ. मग पुढचंमागचं सुटलं आणि मधलंच तेवढं राहिलं. “चंद्रभान,” त्या म्हणाल्या. घासलेला तांब्या उपडा घालत पुन्हा म्हणाल्या, “चंद्रभान.”

भैयाजी हलले नाहीत. आपलं नाव असं वाजतं, हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

पुष्पलता लगबगीने आत आली. “मामाजी, आलं त्याइले! बलावू का?”

“थांब,” भैयाजी म्हणाले. “कच्चं हाय अजून. म्हनू दे तिले.”