गालावरच्या रेघा

अकरा वाजत आले तरी वडिलांच्या उजव्या गालावरच्या रेघा जाईनात. कॉर्डरॉयच्या सोफ्याच्या त्या उभ्या रेघा पट्टीने आखल्यासारख्या उठल्या होत्या.

लेक परवा माहेरी आली होती. ‘सहज’. बॅग मात्र सहज येणाऱ्या माणसाची नव्हती. ती त्वचेची डॉक्टर, लोकांच्या गालांकडे बघण्याचेच पैसे घेणारी. वडिलांना तिने फुकटात पाहिलं.

“बाबा, रात्री सोफ्यावर झोपलात?”

“पेपर वाचता वाचता डोळा लागला.”

“पेपर सकाळी येतो.”

वडिलांनी गाल चोळला. पूर्वी ही अडचण नव्हती. भांडायचं ते लेक झोपल्यावर आणि कुजबुजत, हा घरचा कायदा होता. कुजबुजत भांडणं किती अवघड, हे केल्याशिवाय कळत नाही. मग उशी न घेताच ते बाहेर सोफ्यावर यायचे. सकाळी तोंडावर गार पाणी मारलं, की चहा उकळेपर्यंत गाल कोरा. शेजारी वेणी घालून घेत बसलेल्या पोरीला कधी पत्ता लागला नाही. ते दिवस आठवून त्यांना बरं वाटलं. तेव्हा निदान गाल तरी आपल्या बाजूने होता.

“कोलॅजन कमी झालंय तुमचं,” लेक म्हणाली. “कातडीला आतून घट्ट धरणारे धागे असतात. वय वाढलं की ते विरत जातात. मग दबलेली जागा लवकर वर येत नाही.” आणि मग आवाज उतरवून, “म्हणजे तुम्ही भांडता?”

“अधूनमधून.”

“लग्न झाल्यापासून मी त्याला ऐकवतेय, माझे आईबाबा एकदाही भांडले नाहीत. आमचं सारखंच चालू असतं. मला वाटलं, आमचंच मुळात काही चुकलंय. म्हणून निघून आले. कायमची.”

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिच्या डाव्या गालावर तशाच रेघा होत्या.

“आई, तू पण?”

“भांडण अर्ध्यात टाकून हे उठून जातात,” आई कप ठेवत म्हणाली. “उरलेलं सुनावायला मलाच जावं लागतं. सुनावता सुनावता झोप लागते.”

“त्या सोफ्यावर दोघं मावता?”

“पूर्वी ऐसपैस मावायचो,” वडील म्हणाले. “आता कोलॅजन सोडून बाकी सगळं वाढलंय.”

लेक हसली नाही. फोन घेऊन खिडकीशी गेली. नवऱ्याने लगेच उचलला.

“काल कुठे झोपलास?”

“सोफ्यावर.”

“अरे, पलंग अख्खा रिकामा होता ना?”

“म्हणूनच.”