अकरा महिन्यांचा भाडेकरू

“अकरा महिने म्हणजे अकरा महिने. बाराव्या महिन्यात मले तिथं तुमचं एक भांडंही दिसलं नाई पाहिजे,” रूपराव म्हणाले.

समोर बसलेल्या रोशनीनं मान डोलावली. पुलगावच्या एका दवाखान्यात ती नुकतीच नर्स म्हणून रुजू झाली होती. रूपरावांनी निवृत्तीच्या पैशातून स्टेशनजवळ फ्लॅट घेतला होता आणि तो त्यांना भाड्यानं द्यायचा होता. गेल्या पंधरवड्यात सहा जणांना त्यांनी याच खोलीत चहा पाजून वाटेला लावलं होतं. एकदा आत शिरलेला माणूस निघालाच नाही तर, या धास्तीनं त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

“आपणच जाऊ ना तिथं राहाले,” पंचफुलाबाई आतून बायकोच्या हक्कानं म्हणाल्या. “नवं कोरं घर आहे. चोवीस तास पाणी आहे.”

“इथून हलायचं नाई. किती वेळा सांगू?”

रोशनी खिडकीतून अंगणातल्या पेरूच्या झाडाकडे बघत होती. “पेरू लागते का जी अजून?”

“लई लागते. ते राहू द्या. पोलीस पडताळणीचा फॉर्म आणला?”

आणला होता. आधार, फोटो, दवाखान्याचं पत्र, सगळं ओळीनं लावलेलं. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या रूपरावांचा जीव नावं वाचण्याआधीच हरखून गेला. अशी मुलगी वेळेवर निघणार, याबद्दल त्यांना आता शंका उरली नाही.

“सांभाळून राहा लागते, बेटा. भाडेकरू आधी म्हणते पोराची दहावी आहे. मग पोरीचं लग्न काढते. मग म्हणते, घर दुरुस्त करून द्या, मग पाहू. मालक बिचारा म्हातारा होऊन जाते.”

“तुमाले बराच अनुभव दिसते, काका.”

“मंग!” रूपराव खुशीत आले. “इकडं तुमचं स्वतःचं घर नाई का?”

“आहे ना जी, पुलगावातच. बाबांनी अकरा महिन्यांसाठी भाड्यानं देलतं. अठरा वर्षं झाली, तो माणूस निघूनच नाई राह्यला.”

रूपरावांनी हातातली बशी खाली आपटली. घरमालकांबद्दल त्यांना हल्ली फार कळवळा वाटू लागला होता.

“तुमचे बाबा काय करून राह्यले मग?”

“ते अमरावतीले भावाकडं राह्यते. फोन करते बिचारे. तो माणूस फोनवर असा खोकते, का बाबाच त्याले औषध सांगते.”

“अस्सल नग आहे!” रूपराव कडाडले. “असल्या लोकांपायीच चांगल्या भाडेकरूले घर भेटत नाई!”

आतली भांड्यांची खुडबुड थांबली. “अहो, जरा इकडं येता का?” पंचफुलाबाईंनी हाक मारली.

रूपराव काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. टेबलाच्या खणातून त्यांनी कोरा कागद काढला, चष्मा चढवला आणि नोटीस लिहायला घेतली. किती दिवसांनी मसुदा लिहायला मिळाला होता! तीस दिवसांच्या आत घर रिकामं करून ताबा द्यावा, कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही. शेवटचं वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्याखाली त्यांनी पट्टी धरून रेघ मारली.

“अहो, ऐकता का!” पंचफुलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक.

“थांब जराशी. कामात आहे मी.” साक्षीदाराच्या जागी त्यांनी स्वतःची झोकदार सही ठोकली. “मी उभा राह्यतो तुमच्या पाठीशी. सांगा आता, काय नाव आहे त्या लबाडाचं?”

रोशनीनं कप खाली ठेवला.

“लिहा जी काका,” ती म्हणाली, “रूपराव गोविंदराव ढोके.”